छपरावरील सूर्यविजेचें यंत्र भरदुपारीं बंद कां पडतें?

अलीकडे खेडोपाडीं घरांच्या छपरांवर सूर्यविजेचीं पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें एक कोटि घरांकरितां 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली व ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचें साह्य ठेविलें. तेव्हांपासून आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांनीं हे संच बसविले, व साह्य जाऊन उरलेली रक्कम कित्येकांनीं कर्ज काढून उभी केली. अशा स्थितींत ऐन दुपारीं, म्हणजे ज्या वेळीं विजेचें पीक भरास यावयाचें त्याच वेळीं, इन्व्हर्टर वारंवार बंद पडूं लागला म्हणजे घरधन्यास घोर लागतो. संच विकणारा म्हणतो, दोष लाइनीचा. वायरमन म्हणतो, दोष यंत्राचा. आणि दोघांच्या वादांत युनिट मात्र शेतकऱ्याचे बुडतात.

हें नुकसान लहान नव्हे. ३ किलोवॅटचा संच निरभ्र दिवशीं सुमारे १२ युनिट वीज देतो, व तींतील दोन पंचमांशाहून अधिक वीज अकरा ते दोन या तीन तासांतच येते. हे तीन तास गेले म्हणजे रोज पांच युनिट, व महिन्याकांठीं दीडशें युनिट पाण्यांत गेले असें समजावें.

आमची उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. विजेचें शास्त्र आम्ही शाळेंत शिकलों नाहीं. परंतु ज्या गोष्टीची नोंद नाहीं तिची दाद लागत नाहीं, हा धडा त्या कारकुनीनें दिला, व या कामीं तोच सर्वांत उपयोगी आहे असें आम्हांस अनुभवानें आढळून आलें. यंत्र कोणत्या वेळीं, किती दाबावर व घरांत काय चालू असतां बंद पडलें, एवढें आठ दिवस लिहून ठेविलें तर दोष कोठें आहे तें बहुतेक वेळां त्या वहींतूनच निघतें. तें कसें, हें क्रमानें सांगतों.

१. बंद पडणें हा बहुधा बिघाड नव्हे, बंदोबस्त आहे

प्रथम आपला इन्व्हर्टर कोणत्या जातीचा तें पाहावें. एक जात लाइनीस जोडलेली असते. ती आपली वीज लाइनीच्या विजेंत मिसळते, उरलेली बाहेर पाठविते, व मीटर दोहों बाजूंचा हिशेब ठेवितो. अनुदानाच्या योजनेंतील बहुतेक संच याच जातीचे आहेत. दुसऱ्या जातींत बॅटरी असते व लाइन गेल्यावरही घर चालतें. या लेखांत मुख्यत्वें पहिल्या जातीचा विचार केला आहे. दुसरीविषयीं पुढें थोडें सांगूं.

लाइनीस जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली कीं आपणहून बंद होतो, व तसेंच झालें पाहिजे. लाइन बंद आहे अशा समजुतीनें वायरमन खांबावर चढलेला असावा आणि आपल्या छपरावरून त्या तारेंत वीज जावी, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून यंत्राच्या पोटांत एक पहारेकरी बसविलेला असतो. तो लाइनीचा दाब सारखा तपाशीत राहतो, व दाब हद्दीबाहेर गेला कीं यंत्र लाइनीपासून तोडतो.

या हद्दी केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें २०१३ सालच्या नियमांत घालून दिल्या आहेत. ठरीव दाबाच्या ८० टक्क्यांखालीं किंवा ११० टक्क्यांवर दाब गेला तर दोन सेकंदांच्या आंत यंत्र तुटलें पाहिजे. आपल्याकडे घरगुती विजेचा ठरीव दाब २३० व्होल्ट आहे. तेव्हां खालची हद्द १८४ व वरची २५३ व्होल्ट येते. तुटल्यानंतर दाब हद्दींत येऊन निदान साठ सेकंद स्थिर राहिल्याशिवाय यंत्रानें पुन्हां जोडूं नये, असाही नियम आहे; कांहीं यंत्रें याहून अधिक वेळ थांबतात. यावरून ध्यानीं येईल कीं, दाब क्षणभरच हद्दीबाहेर गेला तरी उत्पन्न मिनिट दोन मिनिटें जातें, व असें तासांत वीस वेळां झालें तर तो तास गेलाच.

२. दाब कां चढतो

'लाइनीवर दाब कमी' ही आपली जुनी ओरड. त्यामुळें दाब चढल्यामुळें यंत्र बंद पडतें असें सांगितलें तर पुष्कळांस पटत नाहीं. पण भरदुपारचें बंद पडणें बहुधा याच कारणानें असतें. त्याचीं कारणें दोन.

पहिलें कारण रोहित्राचें, म्हणजे आपण ज्यास डीपी म्हणतों त्याचें. गांवांतील रोहित्रें ११,००० व्होल्टांचे ४३३ व्होल्ट करणारीं असतात. ४३३ हा दोन फेजांमधील दाब. एक फेज व न्यूट्रल यांमधील दाब त्यावरून २५० व्होल्ट निघतो. लाइनीच्या शेवटच्या घरापर्यंत पुरेसा दाब पोहोंचावा, वाटेंत कांहीं व्होल्ट गळतील, असा हिशेब त्यांत धरलेला आहे. पण दुपारीं गांवठाणांत विजेचा खप थोडा असला म्हणजे ही गळती होत नाहीं, व डीपीजवळच्या घरांत २४५ ते २५० व्होल्ट दाब उभाच असतो. २५३ ची हद्द तेथून कितीशी दूर?

दुसरें कारण आपल्याच तारेचें. पाटाचें पाणी उंचाकडून सखलाकडे जातें, तशी वीज अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते. आपल्या यंत्रास वीज बाहेर ढकलावयाची असेल तर खांबापेक्षां आपल्या घरीं दाब थोडा चढविलाच पाहिजे. तार जितकी लांब व बारीक, तितका तो अधिक चढवावा लागतो. याचा हिशेब सोपा आहे: तारेचा रोध ओहमांत काढावा व त्यास प्रवाहाच्या अँपिअरांनीं गुणावें, गुणाकार येईल तितके व्होल्ट दाब चढेल.

उदाहरण घेऊं. एका मळ्यांतील वस्तीवर ३ किलोवॅटचा संच आहे. खांब ६० मीटरांवर आहे, व सर्व्हिस वायर ४ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची आहे. अशा तारेचा रोध दर किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. जाणारी व येणारी मिळून तार १२० मीटर. तिचा रोध ०.८९ ओहम झाला. दुपारीं यंत्र १२ अँपिअर बाहेर पाठवितें असें धरलें तर चढ १०.७ व्होल्ट होतो. खांबावर २४३ व्होल्ट असतील तर यंत्रापाशीं २५३.७ होतील, आणि पहारेकरी यंत्र तोडील. यंत्र तुटतांच चढ नाहींसा होऊन दाब २४३ वर येतो, यंत्र मिनिटभर थांबून जोडतें, दाब पुन्हां चढतो व यंत्र पुन्हां तुटतें. ही लपाछपी दिवसभर चालते, व वायरमन येऊन पाहतो तेव्हां त्यास दाब चांगला २४३ दिसतो!

आतां त्याच वस्तीवर १० चौरस मिलिमीटरची तार घातली असें समजा. तिचा रोध दर किलोमीटरला ३.०८ ओहम, १२० मीटरांचा ०.३७ ओहम. चढ ४.४ व्होल्ट, व यंत्रापाशीं २४७.४ व्होल्ट. यंत्र चालूं लागलें. उन्हांत तार तापली म्हणजे रोध थोडा वाढतो, तरी फरक कोणाच्याही ध्यानीं येण्यासारखा आहे.

३. दाब कां उतरतो

दाब उतरण्याचें कारण बहुधा शेतीपंप. ज्या वस्त्या पंपांच्या फीडरवर आहेत त्यांना हा त्रास अधिक. पंपांची वीज पाळीनें येते, व आली कीं 'ऑटो स्विच' लावलेले सगळे पंप एकाच क्षणीं सुरू होतात. मोटर सुरू होतांना तिच्या नेहमींच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. असे पन्नास पंप एकदम उठले म्हणजे दाब धाडकन खालीं येतो, क्वचित् डीपीचा फ्यूजही जातो. आपलें यंत्र साठ सेकंद मोजून जोडावयास जातें तोंच पुन्हां दाब बसतो.

या दोषांत आपण सर्व भागीदार आहों, हें प्रांजळपणें मानलें पाहिजे. एका डीपीवरील शेतकऱ्यांनीं मिळून ऑटो स्विच काढून टाकिले, पंप एकामागून एक सुरू केले, व प्रत्येक मोटरीस तिच्या अश्वशक्तीप्रमाणें योग्य कपॅसिटर लाविला तर दाबांत ताबडतोब सुधारणा दिसते. हें काम कोणा एकाच्यानें होणार नाहीं. संघाच्या सभांतून हा विषय निघावा अशी आमची सूचना आहे.

बॅटरीच्या इन्व्हर्टरची गोष्ट निराळी. दाब कमी असला म्हणजे तो घर बॅटरीवर घेतो. उन्हाची वीज कमी व लाइनीचा दाब अपुरा अशा दिवसांत बॅटरी पुरी भरतच नाहीं, व रात्रीं दहाच्या सुमारास यंत्र बंद पडतें. येथें यंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी चढली आहे काय, पाणी कमी झालें आहे काय, हें आधीं पाहावें. पुष्कळ यंत्रांवर 'यूपीएस' व 'नॉर्मल' अशी कळ असते. 'यूपीएस'वर यंत्र दाबाच्या बाबतींत फार चिकित्सक असतें व वरचेवर बॅटरीवर उडी मारतें. 'नॉर्मल'वर तें अधिक सोशीक असतें. दिवे व पंखे यांस 'नॉर्मल' पुरतें. मोटरपंप मात्र लहान इन्व्हर्टरवर चालवूं नये. सुरू होतांना ती जो झटका देते त्यानेंच यंत्र बसतें.

४. न्यूट्रल तुटणें किंवा सैल होणें

हा दोष सर्वांत घातक आहे, म्हणून तो वेगळा सांगतों. तीन फेजांच्या लाइनींत न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली तर एका फेजवरील घरांत दाब एकदम चढतो व दुसऱ्या फेजवरील घरांत उतरतो. याची खूण अशी: एरव्हीं घरांत जड उपकरण लाविलें असतां दाब थोडा उतरावा, तो उलट चढला, किंवा कांहीं दिवे लख्ख व कांहीं मंद होऊं लागले, तर न्यूट्रलचा संशय घ्यावा. अशा वेळीं नोंदी करीत बसूं नये. मेन स्विच बंद करून तत्काळ वायरमनास किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावें. इन्व्हर्टर तुटून आपला जीव वांचवील, पण दूरचित्रवाणी, फ्रीज व पंखे जळून जातील. आणि अर्थिंग नीट नसेल तर माणसासही धोका आहे.

५. आठ दिवसांची नोंदवही

एक साधी वही घेऊन तींत पुढील रकाने आंखावेत: तारीख, बंद पडण्याची वेळ, यंत्राच्या पडद्यावरील किंवा मोबाइलवरील दाब, यंत्रानें दाखविलेली खूण किंवा संदेश, त्या वेळीं घरांत काय चालू होतें, पंपांची वीज चालू होती काय, शेजाऱ्याचें यंत्रही बंद पडलें काय, पुन्हां सुरू होण्याची वेळ. पडद्यावरच्या संदेशाचें मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावें, म्हणजे पुढें वादास जागा राहत नाहीं.

याशिवाय रोज दुपारीं साडेबाराच्या सुमारास एक परीक्षा करावी. यंत्र चालू असतां दाब लिहावा. मग यंत्र रीतीप्रमाणें बंद करून, घरांतील उपकरणेंही बंद ठेवून, दोन मिनिटांनीं पुन्हां दाब लिहावा. आपल्या तारेंतून प्रवाह जात नसतां जो दाब दिसतो तो लाइनीचा, व दोहोंतील फरक हा आपल्या प्रवाहानें चढविलेला. या एका परीक्षेनें निम्मा वाद मिटतो.

आठ दिवसांनीं वही वाचावी ती अशी:

(अ) यंत्र बंद असतांही दुपारचा दाब २५० च्या आसपास किंवा वर असेल, व शेजाऱ्याकडेही तोच प्रकार असेल, तर दोष रोहित्राकडे किंवा लाइनीकडे आहे.

(आ) यंत्र बंद असतां २४० व चालू असतां २५३ अशी तफावत असेल, तर दोष तारेचा किंवा जोडाचा आहे. तारेचा हिशेब वर दिल्याप्रमाणें करून पाहावा. हिशेबानें चार व्होल्ट यावयाचे व प्रत्यक्षांत बारा येत असतील, तर कोठें तरी जोड सैल किंवा गंजलेला आहे.

(इ) बंद पडण्याची वेळ पंपांच्या पाळीशीं जुळत असेल व दाब १८४ च्या जवळ दिसत असेल, तर दोष फीडरवरील बोजाचा आहे.

(ई) घरांतील किंवा शेजारची गिरणी, वेल्डिंग अथवा मोटर सुरू होतांच यंत्र बंद पडत असेल, तर दोष त्या झटक्याचा, किंवा तो सोसूं न शकणाऱ्या बारीक तारेचा.

(उ) पावसाळ्यांत सकाळींच यंत्र चालूं होत नसेल व दुपारीं ऊन पडल्यावर चालत असेल, तर दाबाचा संबंध नाहीं. पॅनेलांच्या तारांत किंवा जोडांत ओल शिरली आहे. तसेंच पत्र्याच्या खोपटांत टांगलेलें यंत्र उन्हाळ्यांत तापून उत्पन्न कमी करतें, तेंही वेगळें.

६. उपाय: स्वस्तापासून महागापर्यंत

पहिला उपाय फुकटाचा. जीं कामें विजेवर करावयाचीं आहेत तीं दुपारीं अकरा ते दोन या वेळांत करावीं: टाकींत पाणी चढविणें, कपडे धुण्याचें यंत्र, कडबाकुट्टी, घरगुती चक्की. वरच्या उदाहरणांत एक अश्वशक्तीची मोटर चालू केली तर ती सुमारे ५ अँपिअर घरींच खाईल, बाहेर ७ च अँपिअर जातील, चढ ६.२ व्होल्ट राहील, व यंत्रापाशीं २४९ व्होल्ट दिसतील. रात्रीं विकत घ्यावयाची वीजही वांचली व यंत्रही चालूं राहिलें.

दुसरा उपाय जोड घट्ट करण्याचा. मीटर, मेन स्विच, एमसीबी व इन्व्हर्टर येथील स्क्रू परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, वीज पूर्ण तोडून, तपासून घ्यावेत. तांब्याची व अ‍ॅल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली असेल तर तो जोड गंजतोच. तेथें दोहों धातूंकरितां केलेला लग घालावा. अर्थिंगही त्याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरा उपाय सर्व्हिस वायर जाड करण्याचा. खर्च एकदांच आहे, पण बुडणाऱ्या युनिटांशीं तो ताडून पाहावा. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची तारही याच हिशेबांत धरावी. नवा संच घेणारांनीं तर यंत्र शक्य तितकें मीटरजवळ बसविण्याचा आग्रह आरंभींच धरावा.

चौथा उपाय यंत्राच्या मांडणीचा. पुष्कळ नव्या यंत्रांत दाब चढूं लागला कीं पूर्ण न तुटतां उत्पन्न हळूहळू कमी करण्याची सोय असते. ती कंपनीच्या अधिकृत कारागिराकडून चालूं करून घ्यावी; दहा आणे गमावण्यापेक्षां दोन आणे गमावणें बरें. यंत्रांत देशाचें नांव 'इंडिया' असेंच निवडलेलें आहे ना, हेंही त्याच्याकडून पाहून घ्यावें. दुसऱ्या देशाचें नांव राहिलें असेल तर हद्दीही त्या देशाच्या लागू होतात.

पांचवा उपाय वीज कंपनीच्या हातचा: आपली जोडणी कमी बोजाच्या नव्हे तर योग्य फेजवर घेणें, तिन्ही फेजांवर घरें सारखीं वांटणें, ज्या रोहित्रास टॅप आहेत त्याचा टॅप बदलणें, जुनी बारीक लाइन बदलणें. एकाच फेजवर पांच सहा संच बसले असतील तर दुपारीं ते एकमेकांचा दाब चढवितात. तेथें वांटणी हाच उपाय.

७. काय करूं नये

हद्द २५३ ची २८० करून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या नादीं लागूं नये. यंत्र चालेल, पण तो चढलेला दाब आपल्याच घरांतील उपकरणांवर व शेजाऱ्यांवर बसेल, आणि नियमभंगाचा ठपका आपल्यावर येईल. लाइनीस जोडलेल्या इन्व्हर्टरच्या व मीटरच्या मध्यें, निर्मात्याच्या लेखी संमतीशिवाय, स्टॅबिलायझर घालूं नये. तो उपकरणांच्या बाजूस लावावा. या इन्व्हर्टरशीं डिझेल जनरेटर परस्पर जोडूं नये. खांबावर स्वतः चढूं नये, व वायरमनच्या हस्तकासही चढवूं नये.

८. दाद कशी मागावी

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणें घरगुती जोडणीचा दाब ठरीव दाबाच्या ६ टक्के वर किंवा खालीं, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट, यांत राखणें हें वीज कंपनीचें कर्तव्य आहे. पण 'दाब बरोबर नाहीं' अशा मोघम अर्जानें काम होत नाहीं. अर्जांत ग्राहक क्रमांक, डीपीचें ठिकाण, संचाची शक्ति, आणि आठ दिवसांच्या नोंदीचा गोषवारा द्यावा. विशेषतः यंत्र बंद असतांनाचे दाब तारीखवार लिहावेत, म्हणजे 'दोष तुमच्या यंत्राचा' असें उत्तर देतां येत नाहीं. दाबाची प्रत्यक्ष मोजणी करून तिची नक्कल मिळावी अशी स्पष्ट मागणी करावी. अर्जाची पोंच, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडूं नये. शेजारच्या चार संचधारकांनीं आपआपल्या नोंदी जोडून एकत्र अर्ज केला तर त्याचें वजन वाढतें. एवढ्यानेंही काम न झालें तर वीज कायदा २००३ च्या कलम ४२ अन्वयें ग्राहक गाऱ्हाणें निवारण मंच आहे, व त्यावर विद्युत लोकपाल आहे. तेथें तर कागदच बोलतो.

सारांश, यंत्र बंद पडलें कीं प्रथम यंत्रावर किंवा वायरमनवर न रागावतां वेळ पाहावी, दाब पाहावा व वहींत लिहावें. दाब चढून पडलें कीं उतरून, लाइनीमुळें कीं आपल्या तारेमुळें, हें ठरल्याशिवाय एक पैसाही खर्च करूं नये. पुष्कळांचें काम दुपारीं पाणी चढवून व दोन स्क्रू आवळून होईल. कांहींस तार बदलावी लागेल. बाकीच्यांस अर्ज करावा लागेल, व त्या अर्जास लागणारा पुरावा त्यांच्या वहींत तयार असेल.